जर्मनी महाग की आपलं जळगाव? लेकीकडे राहून आलो, वहीतला हिशोब जुळत नाही

निवृत्त_मास्तर_भुसावळ

नमस्कार मंडळी. लेक-जावई जर्मनीत नुरेंबर्गला असतात, नात आता साडेतीन वर्षांची. यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही नवराबायको त्यांच्याकडे राहून आलो. मी आयुष्यभर गणित शिकवलं त्यामुळे दुकानात गेलो की भाव वहीत लिहून घ्यायची खोड, आणि ही माझ्या मागे उभी राहून प्रत्येक भावाला शंभराने गुणायची. युरो शंभराच्या आसपास आहे ना, गुणाकार फारच सोपा झाला, तेच वाईट झालं. कोथिंबिरीची बारीकशी जुडी सव्वा युरो म्हटल्यावर ही म्हणे सव्वाशे रुपयाची कोथिंबीर मी पोह्यावर टाकणार नाही, आणि खरंच कितीतरी दिवस टाकली नाही, शेवटी लेक रडकुंडीला आली.

वहीतले थोडे भाव देतो. दूध लिटरला 1 युरो 5 सेंट. आपल्याकडे गाईचं 60, म्हशीचं 70-80, म्हणजे फार फरक नाही. सूर्यफुलाचं तेल पावणेदोन युरो लिटर, इथल्यापेक्षा थोडंच जास्त. सफरचंद 2 युरो किलो, इथे गाडीवाला पण 200 सांगतो. अंडी 10 नग 2 युरो. इथपर्यंत ठीक. पण भेंडी 8 युरो किलो, हॉटेलात मसाला डोसा 12 युरो, केस कापायला 25 युरो! शेजारच्यांचा नळ गळत होता तर प्लंबर अर्धा तास येऊन गेला आणि 140 युरोचं बिल लावलं, तेव्हापासून जावई स्वतःच पाना घेऊन सिंकखाली झोपतो.

आता खरा मुद्दा. हे दोघं परत यायचा विचार करू राह्यलेत, जावयाचं कंपनीशी बोलणं चालू आहे की इथून काम करू द्या. लेक मला विचारते, नाना, आम्ही इथे जसे राहतो तसं जळगावात राहायला महिन्याला किती लागतील? मी म्हटलं सांगतो हिशोब करून, आणि तिथेच अडकलो. जावयाला सगळं मिळून महिन्याला 5000 युरो, आमचे चुलत बंधू त्याला 5 लाख म्हणतात आणि सावद्याकडे चार एकर का घेत नाही म्हणून माझ्या मागे लागलेत. शंभराने गुणणं चूक हे मला कळतं. मग कशाने गुणायचं ते सांगा.

---

पऱ्हाटी

काका, मी मूळची फैजपूरची, लग्न झाल्यापासून जर्मनीतच आहे स्टुटगार्टजवळ. आधी तुमच्या चुलत बंधूंचा हिशोब मोडून काढते. 5000 हा कापाकापीच्या आधीचा पगार. त्यातून टॅक्स, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा, म्हातारपणीच्या सेवेचा विमा हे सगळं पगार हातात यायच्या आधीच जातं. बायको कमावत नसेल आणि टॅक्सचा वर्ग तसा घेतला असेल तर हातात साधारण साडेतीन हजार. त्यातले 1200-1300 हीटिंगसकट भाड्याला गेले. मग लाइट, इंटरनेट, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी 18.36 महिन्याला, टीव्ही असो नसो प्रत्येक घराला भरावी लागते. बस-ट्रेनचा देशभर चालणारा पास 2023 ला 49 युरोला निघाला तो 2025 ला 58 झाला आणि 2026 पासून 63. किराणा-भाजी इंडियन दुकानासकट 500-550. म्हणजे बघा, खाण्यापिण्यावर भाड्याच्या निम्मेही जात नाहीत. कोथिंबिरीवरून काकूंनी एवढं मनाला लावून घ्यायचं काही कारण नव्हतं.

माझ्या सासूबाईंचं पण असंच. पण त्यांना गंमत वाटली ती बाटल्यांची. इथे पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटलीवर 25 सेंट डिपॉझिट असतं, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते आणि तेवढे पैसे बिलातून कमी होतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी कचरा कमी व्हावा म्हणून सगळ्या बाटल्या पायाखाली चपट्या करून ठेवल्या. मशीन चपटी बाटली घेत नाही, पट्ट्यांचा कोड वाचता येत नाही ना. एका बाटलीचे 25 रुपये म्हटल्यावर मात्र बाई बदलल्याच, बागेत फिरायला जाताना पिशवी घेऊन निघायच्या, मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं.

आणि एक राहिलं, विम्याच्या त्या कापलेल्या पैशात बायको-मुलं फुकट येतात, डॉक्टरकडे गेलं की कार्ड दाखवायचं. शिवाय मुलामागे सरकार 2025 ला महिन्याला 255 युरो द्यायचं, 2026 पासून 259 देतं. हे सगळं तुमच्या वहीत आलंय का?

---

केळीवाला_रावेर

मास्तर, मी फक्त केळीचं बोलतो कारण तेवढंच कळतं. आमचा भाचा नेदरलँडला शिकायला होता त्याने फोटो पाठवला, प्रत्येक फणीला स्टिकर, इक्वाडोर नाहीतर कोलंबिया. किलोला सव्वा युरो. मी म्हटलं अरे बाप्पा, 125 रुपये किलो! आमच्या इथून व्यापारी 1500 ने क्विंटल उचलू राह्यला होता तेव्हा, म्हणजे 15 रुपये किलो, आणि त्यातही कटती, म्हणजे वजनातली कपात. जळगावच्या केळीला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तरी बागेतला भाव काही त्याने ठरत नाही.

पण मग मी दुसरा हिशोब केला. तिकडे जर्मनीत कमीत कमी मजुरी 2025 ला तासाला 12.82 युरो होती. म्हणजे एका तासात माणूस 10 किलो केळी घेऊ शकतो. आमच्याकडे बाई सकाळी 8 ते दुपारी 2 निंदायला येते, 300 रुपये. तासाला 50. बाजारात केळी 25-30 रुपये किलो पडते, म्हणजे एका तासात जास्तीत जास्त दोन किलो. केळीच्या गावात राहून! तूरडाळ लावा. तिकडे सव्वातीन युरो किलो धरली तर पाव तासाची मजुरी. इथे 130 रुपये किलो, अडीच तास उन्हात वाकून. कोणाला महाग पडली ते तुम्हीच सांगा.

तुम्ही शंभराने गुणू नका, तासाने भागा.

---

बिबड्या_पापड

रावेरवाले भाऊ, एक नंबर. पण मग केसाचं पण भागा की. तिकडे कटिंग 25 युरो म्हणजे दोन तासाची मजुरी. आमच्या चोपड्यात 100 रुपये म्हणजे तुमच्या त्या निंदणाऱ्या बाईची पण दोन तासाचीच मजुरी. इथे जर्मनी आणि चोपडा सेम निघालं, हे कसं काय?

---

आकडेमोड_धुळे

तेच तर, यातच सगळं उत्तर आहे. कटिंगमध्ये वस्तू काहीच नाही, एका माणसाचा वेळ दुसऱ्या माणसाने घेतला एवढंच. त्यामुळे तासाने भागलं की कुठेही जवळपास सारखंच येणार. डाळ, तेल, दूध, कपडे, फ्रीज हे जगभर फिरणारं किंवा मशीनवर निघणारं, त्याचे भाव दोन्हीकडे फार लांब नसतात, पण पगार कित्येक पटीने लांब असतात. म्हणून मास्तरांच्या वहीत दूध-तेल जुळलं आणि डोसा-कटिंग-प्लंबर फाटलं. भेंडीचं वेगळं, ती विमानाने आली, तिचं तिकीट तुम्ही भरलं.

मास्तरांना एक आकडा हवाय तर तो पण आहे. दोन्ही देशांत तीच टोपली भरायला किती पैसे लागतात यावरून जागतिक बँक एक दर काढते, बाजारातल्या दरापेक्षा एकदम वेगळा. त्या हिशोबाने अमेरिकेत एका डॉलरला जेवढं येतं तेवढ्याला आपले साधारण 20-21 रुपये आणि जर्मनीचे 70-75 सेंट लागतात. भागाकार केला तर एक युरो म्हणजे 28-29 रुपये. म्हणजे जावयाचे हातात येणारे साडेतीन हजार युरो हे जळगावात एक लाख रुपये महिन्यासारखे, 5 लाख नाही आणि साडेतीन पण नाही. चुलत बंधूंना हे सांगा, चार एकराचा विषय आपोआप मिटेल.

आणि ताईंनी सांगितलं की खाण्यावर भाड्याच्या निम्मेही जात नाहीत, त्याला पण जुना नियम आहे. एर्न्स्ट एंगेल म्हणून जर्मन सांख्यिकीवाला होता, त्याने 1857 ला मांडलं की जसजसं घर सुधारतं तसतसा खर्चातला खाण्याचा वाटा कमी होत जातो. आपल्या सरकारच्या 2023-24 च्या पाहणीत खेड्यात खर्चाच्या 47 टक्के खाण्यावर आणि शहरात 40 च्या जरा खाली. जर्मनीत 12 च्या आसपास. काकू तिथे ज्या भाजीपाल्यावर रागावल्या तो त्यांच्या लेकीच्या खर्चातला लहानसा तुकडा होता, आपल्याकडे मात्र निम्मा संसार तिथेच जातो म्हणून नजर तिथेच जाते.

---

परत_आलेला_जळगावकर

आकडेमोड भाऊंचा एक लाख मला पटला पण अर्धाच. मी स्वतः म्युनिकहून परत आलोय, जळगावात राहतो, तेव्हा चालू भाव सांगतो. तो 28 चा दर सगळ्या देशाच्या सरासरी टोपलीचा आहे, त्यात ज्वारी पण आहे आणि झेडपीची शाळा पण. परदेशातून आलेल्या माणसाची टोपली सरासरीची नसते, हे कोणी सांगत नाही. त्याला चीज पाहिजे, ऑलिव्ह ऑइल पाहिजे, पोरीला चांगली इंग्रजी शाळा पाहिजे, आणि हे सगळं इथे महाग आहे, काही गोष्टी तर तिकडच्यापेक्षा महाग. जे चीज मी तिकडे 2 युरोला उचलायचो ते इथे 400 च्या खाली दिसत नाही.

माझा महिना असा: चांगल्या भागात 2 बीएचके 11-12 हजार, भुसावळला मास्तरांचं स्वतःचं घर असेल तर हे शून्य. किराणा, दूध, भाजी 16-17 हजार, यात आमचं कळण्याचं पीठ, शेव, हिवाळ्यात भरीत सगळं आलं. धुणंभांडी आणि केर-फरशी अडीच हजार. हो, अडीच हजार, महिनाभराचे! म्युनिकला दोन तास बाई बोलावली असती तर जवळपास एवढेच गेले असते. शाळा वर्षाला लाखाच्या आसपास आणि वर व्हॅन, ड्रेस, गॅदरिंगचे कपडे वेगळे. आरोग्य विमा चौघांचा, त्यात आईवडील धरले की पॉलिसीचा हप्ता बघून छातीत दुखतं, आणि तरी ओपीडीचे पैसे खिशातूनच. गाडी लागतेच, कारण पास काढून शहरभर फिरता येईल अशी बस आपल्याकडे नाही. आईचं एसटीचं अर्ध तिकीट आणि बाबांचं पंच्याहत्तरीनंतरचं फुकट, तेवढी बचत.

सगळं धरून 75-80 हजारात मी जे राहतो ते म्युनिकपेक्षा आरामात राहतो, पण आराम कशाचा तर दुसऱ्या माणसाच्या हातांचा. तिकडे शनिवार कपडे-फरशी-बाजार यात जायचा, रविवारी दुकानं बंद. इथे शनिवार माझा आहे. रावेरवाल्या भाऊंनी तासाला 50 चा जो हिशोब मांडला तो वाचून मी बायकोला म्हटलं आपल्या मावशीचे पैसे वाढव, ती म्हणे बाकीच्या घरांतल्या बायका भांडायला येतील. हे पण खरंय.

मास्तर, तुमच्या लेकीला दोन आकडे सांगा. भुसावळात तुमच्या घरात राहिले तर 60 हजार, जळगावात भाड्याने राहून चांगल्या शाळेत पोरगी घातली तर 85-90. आणि पुणे म्हणत असाल तर मला विचारू नका, तिथला हिशोब जर्मनीसारखाच लागतो पण पगार रुपयात येतो.

---

बिबड्या_पापड

मास्तर, तुम्ही वही लिसन गयात, जवाईनी झोप उडनी व्हई!

---

पऱ्हाटी

हाहा खरंय. काका, जावईबापूंना विचारा, पाच वर्षं पूर्ण झाली का तिथे पेन्शनची वर्गणी भरून? पाच वर्षं झाली की पुढे म्हातारपणी तिथल्या पेन्शनचा हक्क लागतो, आणि भारत-जर्मनी करार 2017 पासून लागू आहे त्यामुळे इकडची-तिकडची वर्षं जोडण्याची पण सोय आहे. साडेचार वर्षांवर असतील तर सहा महिन्यांसाठी घाई करू नका, यायच्या आधी पेन्शन ऑफिसला एकदा लिहून विचारा.

आणि परत_आलेले भाऊ बोलले ते खरं, पण त्यांनी दवाखाना फार पटकन उरकला. माझी डिलिव्हरी इथे झाली, सिझर, पाच दिवस दवाखान्यात, घरी जाताना काहीच भरावं लागलं नाही. माझ्या बहिणीची त्याच वर्षी तिकडे भारतात खाजगी दवाखान्यात झाली, तिने किती भरले ते इथे लिहीत नाही, पण त्यात एक सेकंडहँड मोटरसायकल आली असती. तुमच्या 85 हजारात असल्या खर्चाचा वाटा महिन्याला बाजूला टाकावा लागेल, तरच तुलना खरी.

भरताचं मात्र मला काही सांगू नका. इथलं वांगं जांभळं, मोठं, नगाला 1 युरो, आणि चूल म्हणजे काचेची सपाट शेगडी. सुरुवातीला तव्यावर भाजायला गेले तर छताचा धुराचा अलार्म केकाटला, तो काढता येत नाही, घरात असलाच पाहिजे असा कायदा आहे. आता ओव्हनमध्ये 220 वर पाऊण तास. लाइट इथे युनिटला 35-40 सेंट, म्हणजे वांग्याच्या निम्मे पैसे भाजायलाच. आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्याची चव त्यात कुठून येणार. परवा इथल्या खान्देशी मंडळींनी मिळून केलं, सगळे गप्प खात होते, मग एक जण म्हणाला मिरची पण नाही लागली.

---

केळीवाला_रावेर

ताई, पुढच्या वेळी येताना वांगी घेऊन जा.

---

पऱ्हाटी

नाही नेता येत भाऊ! युरोपात बाहेरून भाजीपाला नेला तर झाडपाल्याचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, कढीपत्ता सुद्धा काढून घेतात. दूध आणि मांसाचे पदार्थ तर बंदच, तूप, पेढे, खवा काही नाही. सासूबाईंचं दोन किलो घरचं तूप विमानतळावर गेलं, त्या अजून त्या ऑफिसरला शिव्या देतात. फक्त पाच फळं सर्टिफिकेटशिवाय चालतात: केळी, नारळ, खजूर, अननस आणि तो वासाचा डुरियन. म्हणजे तुमचाच माल चालतो, बघा.

---

केळीवाला_रावेर

मग मास्तरांच्या जावयाला सांगा, इथे येऊन शेती घेऊ नको, तिथेच राहून माझी केळी विक. 15 ने उचल, 125 ने विक.

---

निवृत्त_मास्तर_भुसावळ

सगळ्यांचे आभार, रात्री जेवून झाल्यावर हिला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. केसाचा आणि केळीचा हिशोब तिला एकदम पटला, पण ती म्हणते तासाने भागलं तर माझे स्वयंपाकाचे तास कोणी भागले का. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लेकीला धागा पाठवला. जावयाने पेन्शनचं बघितलं, चार वर्षं दोन महिने झालेत, म्हणून निदान दहा महिने तरी थांबतो म्हणतोय. चुलत बंधूंना एक लाखाचा आकडा सांगितला तर ते म्हणे मास्तर तुम्ही आकडे लपवता. जाऊ द्या.

जावयाचा एकच प्रश्न आहे, घरून काम करायचं तर भुसावळात लाइट आणि नेटचं कसं? नात तिकडच्या थंडीत वाढलेली, मे महिन्यात 45 डिग्रीला तिचं काय करायचं हा माझा प्रश्न.

---

परत_आलेला_जळगावकर

नेट फायबरचं चांगलं आहे, 700-800 रुपयात तिकडच्या 40 युरोच्या बरोबरीचं चालतं, यात आपण जिंकलो. लाइट जाते. इन्व्हर्टर-बॅटरी 25 हजाराच्या पुढे एकदाच, हा खर्च माझ्या 60 हजारात धरलेला नाही, वेगळा धरा. कूलर पुरेल अशी आशा ठेवू नका, नेट मीटिंगमध्ये कूलरचा आवाज जातो आणि जूनमध्ये दमट झालं की उपयोग नाही, एका खोलीला एसी लागेलच. महावितरणचं बिल 100 युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे एप्रिल-मे-जूनला चार-पाच हजार बिल धरून चाला. वर गच्चीला पांढरा रंग मारून घ्या, आम्ही मारला, थोडा फरक पडतो. सोलरचं बघत असाल तर घर तुमच्या नावावर आहे तर मीटर पण तुमच्याच नावाचं आहे ना ते आधी तपासा, आमचं आजोबांच्या नावावर निघालं आणि त्यातच चार महिने गेले.